चौसष्ट किलो जास्त

आमच्या बेटावर चार जाड चाकांच्या त्या उघड्या गाडीला सगळे डुकरीण म्हणतात. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण चढावर नाक खाली घालून ती जशी घुरघुरत जाते ते पाहिलं की दुसरं नाव सुचत नाही. नाक्सोसच्या डोंगरातल्या आमच्या गावात घरटी एक तरी आहे. धनगर तिच्यावरून बकऱ्यांमागे जातात आणि मोडली की माझ्याकडे आणतात. माझं नाव स्तमातिस. गॅरेज चर्चच्या खालच्या अंगाला आहे. आठवडाभर मी वंगणात हात घालून असतो आणि रविवारी ते खरवडून धुऊन चर्चमध्ये डाव्या बाजूच्या गायकांत उभा राहतो. समोर वेदीशी माझे वडील असतात, फादर आर्सेनिस; आमच्या पंथात फादर लग्न करतात.

बाबा प्रवचन सांगत नाहीत, गातात. गोष्ट सांगता सांगता आवाज सुरात कधी चढतो ते कळत नाही, आणि मग मागच्या रांगेतल्या ठार बहिऱ्या म्हाताऱ्यांच्याही माना हलायला लागतात. मी त्या आवाजाच्या सावलीत वाढलो. म्हणून पुढचं जपून लिहितो आहे. मी मोजमाप करणारा माणूस आहे. जे मोजलं आणि पाहिलं, तेवढंच लिहीन.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वजन ब्याण्णव किलो आणि गुडघे गेलेले. गावाच्या वर, दीड तासाच्या चढावर, डोंगरमाथ्याला प्रेषित एलियासचं चॅपेल आहे, दहा माणसं दाटीवाटीनं उभी राहतील एवढं. ते वर्षातून एकदाच उघडतं, वीस जुलैला, संताच्या सणाला. अठ्ठेचाळीस वर्षं बाबांनी तो दिवस चुकवला नव्हता. गेल्या वर्षी अर्ध्या वाटेत ते खेचरावरून पडले. तेव्हापासून खेचर आणि बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. त्या वर्षी चॅपेलमध्ये दिवा लागला नाही, आणि तेव्हापासून बाबांचा आवाज बसला. बसला म्हणजे सूर लागायचा, पण मागच्या रांगेपर्यंत जायचा नाही. ताटातलं निम्मं टाकायला लागले. "एकदा वर जाऊन आलो की झालं," एवढंच म्हणायचे. यंदा त्यांना वर नेता आलं नाही तर पुढच्या जुलैत नेण्यासारखं काही उरणार नाही, हे मला दिसत होतं.

मे महिन्यात कालियोपीमावशी गॅरेजवर आल्या. फडक्याच्या गाठीतून एक गंजकी किल्ली काढून त्यांनी माझ्या पान्यांच्या शेजारी ठेवली.

"पोलिदोरोसची डुकरीण ने," त्या म्हणाल्या. "नीट कर, आणि फादरना वर घेऊन जा तिच्यावरून."

"मावशी, ती तर त्याची..."

"तो आला की परत दे. तोवर बसून काय करतेय? कोंबड्या अंडी घालतायत तिच्यावर."

पोलिदोरोस त्यांचा एकुलता एक मुलगा. एकोणीस वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका सकाळी, तो हरवलेल्या दोन बकऱ्या शोधायला वर गेला. बकऱ्या संध्याकाळी आपणहून आल्या. गाडी 'शिडी' नावाच्या चढाच्या पायथ्याशी सापडली, इंजिन बंद, किल्ली जागेवर, काठी हँडलवर आडवी ठेवलेली. जुन्या खाणींच्या सगळ्या विवरांत दोर सोडून पाहिले. माणूस मिळाला नाही. आमच्याकडे त्या वयाच्या सगळ्या बायका काळे कपडे घालतात. कुणाचं ना कुणाचं सुतक असतंच. गावात निळा झगा घालणारी म्हातारी एकच, कालियोपीमावशी.

गाडी ओढून आणली तेव्हा तिचे चारही टायर चिरलेले होते, हवेच्या गाळणीत उंदरांची तीन पिढ्यांची घरं होती आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाळून हिरवा डिंक झाला होता. मी तिचा नट नि नट सुटा केला. टाकीत व्हिनेगर आणि मूठभर खडे घालून ती दोन दिवस हलवत राहिलो, तेव्हा आतला गंज निघाला. ब्रेकचे पंप, चाकांची बेअरिंगं, वायरी सगळं नवं घातलं. प्रत्येक भाग जोडण्याआधी मी काट्यावर टांगून त्याचं वजन भिंतीवर खडूनं लिहीत असे. ही माझी जुनी खोड आहे. बाबांच्या वजनाला मागच्या स्प्रिंगा कशा घ्यायच्या ते ठरवायचं, तर गाडी नेमकी किती भरते ते कळायला हवं. पेट्रोल-तेल धरून बेरीज दोनशे साठ किलो झाली.

मग तिला बाबांजोगी करायला घेतली. सीट रुंद केली, आत गादीचा फोम भरला, वर मेंढीचं कातडं शिवलं. जुन्या फाटकाच्या सळ्या वाकवून झग्यात पाय अडकणार नाही अशी पायरी लावली. चर्चमधल्या एका मोडक्या उभ्या खुर्चीचे हात आणि पाठ माळ्यावर पडले होते. म्हातारी माणसं लांब उपासनेत ज्यांच्यावर कोपरं टेकून उभी राहतात, तसल्या खुर्चीचे. ते घासून, पॉलिश करून सीटला बसवले. पुढे उपासनेचा प्याला आणि पुस्तक ठेवायला आतून मखमल लावलेली पेटी.

चीज करणारा प्रोकोपिस रोज येऊन उंबऱ्यावर टेकायचा. "आता एक घंटा बांध," तो म्हणाला. "बिशप आले तर सिंहासन समजून बसतील आणि उतरायचे नाहीत."

"तू तुझं दूध बघ. उतू जात असेल."

"माझं दूध माझ्या धाकात असतं."

जूनच्या अखेरीला गाडी सुरू झाली. दुसऱ्याच ठोक्याला. नव्या स्प्रिंगांवर रिकामी गाडी उभी असताना मागचा टायर आणि मडगार्ड यांच्यात चार बोटं जागा राहायला हवी, आणि बाबा बसले की अडीच. मी बोटं घातली. रिकाम्या गाडीला तीन बोटं होती, तीही जेमतेम.

स्प्रिंगा चुकीच्या आल्या असतील असं वाटलं. खात्री करायला गाडी प्रोकोपिसच्या चीजघरात नेली. तिथे दुधाच्या कॅनसाठी जमिनीलगत मोठा वजनकाटा आहे. सीट, हात, पायरी सगळं धरून दोनशे बहात्तर भरायला हवे होते. भरले तीनशे छत्तीस.

"काटा बिघडलाय तुझा."

प्रोकोपिसला राग आला. "सरकारी शिक्का आहे त्याच्यावर. तुझे बाबा पापं तोलत नसतील इतक्या प्रामाणिकपणे तोलतो तो." तो स्वतः काट्यावर चढला. मग मी चढलो. दोघांचीही वजनं बरोबर निघाली.

आम्ही तिथेच, सकाळच्या उन्हात, दार उघडं टाकून कामाला लागलो. मी एकेक भाग सोडवायचा, त्यानं आकडा वाचायचा. दोन किलोची पायरी काढली. काट्यावर सोळा किलो कमी झाले. पायरी परत लावली; सोळा वाढले. पेटी काढली. पेटीचे चार होते, चारच कमी झाले. बॅटरी काढली, तीही बरोबर. मग खुर्चीची पाठ काढली. तिचे तीन किलो; काट्यावरून तेवीस गेले.

सगळं चारचारदा करून पाहिलं. इंजिन, चाकं, पेटी, लोखंड, सगळं प्रामाणिक होतं. माणसाला बसायला, टेकायला, पाय ठेवायला म्हणून जे जे मी लावलं होतं, तेवढंच जड होत होतं. ते सगळं उतरवलं की गाडी भिंतीवरच्या बेरजेइतकी. परत चढवलं की चौसष्ट किलो जास्त.

प्रोकोपिस काट्याची काच फडक्यानं पुसत राहिला. चीजघरात मठ्ठ्याचा आंबट वास होता आणि छपरावर कबुतरं चालत होती.

"शनिवारी आम्ही पोरंपोरं इथे जमायचो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "गंमत म्हणून एकमेकांना तोलायचो. पोलिदोरोस सगळ्यांत सुकडा होता."

"किती भरायचा?"

"नको विचारू."

गाडी ढकलून गॅरेजमध्ये आणली. ढकलताना दोघांना धाप लागली.

त्या दुपारी जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. आकडे लिहिलेला कागद समोर ठेवला. शेवटी म्हणालो, "बाबा, तुम्ही या गाडीवरून जायचं नाही. शिडीच्या चढावर मागच्या बाजूला चौसष्ट किलो जास्त असले तर ती उलटेल. मी दुसरी बघतो."

"वीस जुलैच्या आत?"

बाबांनी पावाचा तुकडा तेलात बुडवला, आणि न खाता बशीच्या काठावर ठेवला.

"स्तमाती, चूक गाडीची नाही. माझी आहे."

मग त्यांनी सांगितलं. आमच्याकडे उपासनेआधी प्रत्येक घरातून फादरकडे एक चिठ्ठी येते. कागदाच्या डावीकडे घरातल्या जिवंत माणसांची नावं, उजवीकडे गेलेल्यांची. फादर ती वाचतात; जिवंतांसाठी आरोग्य मागतात, गेलेल्यांसाठी विसावा. कालियोपीमावशींच्या चिठ्ठीत पोलिदोरोसचं नाव एकोणीस वर्षं डाव्या बाजूला येत होतं.

"पहिल्या वर्षी वाटलं, आईचं मन आहे, वाचू या," बाबा म्हणाले. "दुसऱ्या वर्षी धीर झाला नाही. मग सवय झाली. पण मला ठाऊक होतं रे. त्याचं नाव घेताना जीभ जड व्हायची. ज्याच्यासाठी विसावा मागायचा, त्याला मी दर रविवारी उभा राहा म्हणून सांगत आलो."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नाही."

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले, आणि तो तुकडा त्यांनी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत मावशींच्या घरी गेले. हात धरायला मी बरोबर होतो. मावशी अंगणात शेंगा सोलत होत्या. बाबा काय म्हणाले ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

"माझा हात नाही लिहिणार ते उजवीकडे," त्या म्हणाल्या.

"मी लिहीन."

"आणि एवढी वर्षं देवापुढे जिवंत म्हणालात, त्याचं काय? माझं सोडा, मी अडाणी बाई. तुम्ही म्हणालात."

"खोटं माझ्या तोंडून गेलंय, कालियोपी. निस्तरायचं ते मी निस्तरीन."

मावशींनी पहिल्यांदा वर पाहिलं. म्हणाल्या, "खेचर मला द्या त्या दिवशी. मीही येते वर."

वीस जुलैला उजाडताच निघालो. मावशी खेचरावरून पुढे, त्यांच्यामागे गावातली सात-आठ माणसं पाव आणि गेलेल्यांसाठी शिजवलेल्या गव्हाचं ताट घेऊन. सर्वांत मागे बाबा गाडीवर, आणि त्यांच्या बाजूनं चालत मी. बाबा बसल्यावर मी टायरवर बोटं घालून पाहिली होती. जेमतेम दीड बोट जागा उरली होती.

ऊन वर आलं. झुडपांतून तापलेल्या मसाल्यासारखा वास यायला लागला. बाबा पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडी हाकल्यासारखे, सावकाश चालवत होते आणि इंजिनाच्या सुरात सूर लावून गुणगुणत होते. वर्षभरात तो आवाज मी ऐकला नव्हता.

शिडीचा चढ आला. संगमरवराच्या गुळगुळीत पायऱ्या, एका बाजूला कडा. मी पुढे होऊन हँडल धरणार तेवढ्यात बाबांनी गाडी घातली.

चौथ्या पायरीवर पुढची दोन्ही चाकं उचलली.

वीतभर. मग हातभर. मी चार पावलं मागे होतो, आणि चार पावलं म्हणजे फार लांब होतं. बाबांची टोपी मागे घरंगळली. गाडीचं नाक आकाशाकडे होत गेलं, आणि थांबलं.

मग ते खाली आलं. आदळलं नाही. चढावर पाठीमागे बसलेला जाणता माणूस चालवणाऱ्याच्या खांद्यावरून पुढे झुकतो, तसं हळू खाली आलं.

"शाबास, पोरा," बाबा म्हणाले.

"मी काही केलं नाही," मी धापा टाकत म्हणालो.

"तुला नाही म्हटलं."

मी टोपी उचलून त्यांच्या हातात दिली.

चॅपेलचं दार उघडलं तेव्हा आत दोन वर्षांची धूळ आणि मेणाचा वास होता. गाडी मी बाहेर भिंतीच्या सावलीत लावली. शेजारी दगडी बाक होता. मावशी आत आल्या नाहीत. दाराकडे पाठ करून बाकावर बसल्या. मी माझ्या जागी उभा राहिलो. तिथून उघड्या दारातून बाक दिसत होता आणि गाडीचं मागचं चाक.

बाबांनी उपासना सुरू केली आणि गायकांनी द्यायची माझी उत्तरं मी दोनदा विसरलो. तो जुना आवाज परत आला होता. त्या छोट्या घुमटात तो मावत नव्हता. प्रेषित एलियासला अग्नीच्या रथातून वर नेलं ती कथा त्यांनी अशी गायली, की प्रोकोपिससारखा माणूस तोंडावर हात ठेवून उभा राहिला.

पावांना आशीर्वाद देऊन झाला. बाबांनी जिवंतांची नावं घ्यायला सुरुवात केली.

"...कालियोपी," ते म्हणाले. दर वर्षी यापुढे त्याचं नाव यायचं. बाबा क्षणभर थांबले. मग पुढच्या घराची चिठ्ठी घेतली.

गव्हाच्या ताटात मेणबत्ती लावली. गेलेल्यांची नावं सुरू झाली. माझी आजी, माझी आई. प्रोकोपिसचा भाऊ.

"पोलिदोरोस."

बाहेर स्प्रिंगा करकरल्या. दोनदा.

त्यानंतर बाबांनी आणखी एक नाव घेतलं, हलक्या आवाजात. ते मला ऐकू आलं नाही, कारण माझं सगळं लक्ष दाराबाहेर होतं. गाडीचा मागचा भाग सावकाश वर येत होता. चाकाच्या वर उजेडाची फट दिसायला लागली.

मावशींनी गाडीकडे पाहिलं नाही. त्यांनी झगा आवरला आणि बाकावर थोड्या सरकून शेजारी जागा करून दिली.

परत निघताना त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. मी बसते जरा." त्यांना आग्रह कुणी केला नाही.

उतरताना गाडी शहाण्यासारखी आली. बाबा पूर्ण वाट गात होते, आणि वाटेतल्या गोठ्यांतून माणसं बाहेर येऊन छातीवर क्रॉसची खूण करत होती. दुपारी घरासमोर पोहोचलो. उत्तरेचा वारा सुटला होता, जुलैत सुटतो तसा, दारं आपटणारा. मी इंजिन बंद केलं आणि पहिल्यांदा मागच्या चाकापाशी वाकलो. टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटं घातली.

चार. पूर्ण चार.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. देवाचे आभार मानले. चौसष्ट किलो गेले होते. रिकाम्या गाडीला असावी तेवढी जागा होती.

मग मी मान वर केली. बाबा अजून गाडीवरच बसलेले होते.

"काय रे, बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं. चेहरा उन्हानं लाल झाला होता, डोळे हसरे होते. "भूक लागलीय मला. आणि गंमत बघ, गुडघे अजिबात दुखत नाहीत आज."

मी उभा राहिलो. एरवी त्यांना उतरवायचं म्हणजे मी पाय रोवतो, पाठ ताठ करतो, काखेत हात घालतो. तसेच घातले. झग्याला घामाचा आणि धुपाचा वास होता, बरगड्या कोमट होत्या. मी जोर लावला, आणि बाबा माझ्या डोक्याच्याही वर गेले. धुतलेली चादर दोरीवर टाकायला उचलावी, तसे.

"अरे, हळू," ते हसून म्हणाले.

मी त्यांना उंबऱ्याशी, दगडावर उभं केलं. ते आत जायला वळले. चॅपेलमध्ये हलक्या आवाजात घेतलेलं ते शेवटचं नाव कुणाचं होतं, ते मला आता कळलं. मी त्यांचा हात सोडला नाही. वारा फार होता.